तीनवर गिरवलेला पाच

माझ्याकडे एक कागद आहे. जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान, वरच्या कडेला कपड्यांच्या चिमट्याची खूण. त्यावर माझ्याच अक्षरात नव्वद मिनिटांच्या सरावाची आखणी आहे. त्यातली बासष्ट मिनिटं झाली. उरलेली अठ्ठावीस व्हायची राहिली, आणि ह्या गोष्टीला आता तीन वर्षं होऊन गेली.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. तेरा ते पंधरा वर्षांच्या. गुडगावात, आमच्या सोसायटीमागच्या सरकारी बागेतल्या कोर्टावर, सकाळी सहा ते साडेसात. गुडगावला आता गुरुग्राम म्हणायचं असतं, पण माझ्या तोंडात ते काही बसत नाही. मी जन्माची दिल्लीवाली. वडील सरकारी नोकरीत, घर हिंदूराव हॉस्पिटलजवळ, शाळा पहाडगंजात. घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, असं आयुष्य गेलं. कॉलेजात खेळले, मग नोकरी केली, मग रिटायर झाले. रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, मी गळ्यात शिट्टी घातली. आमचे हे म्हणाले, "घरात वाजवायची नाही, एवढं एक पाळ." स्वयंपाकघरातून हाका मारून थकले की वाजवते कधी कधी.

स्वभाव फटकळ आहे, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या भागात बास्केटबॉल शिकवणं म्हणजे काय, तर एक चेंडू टाकायचा आणि "चलो, खेलो" म्हणून मोबाइल काढायचा. नाहीतर वीस मुलींची एक रांग. एक बास्केटकडे पळतेय आणि एकोणीस जणी केसांची रबरं सोडबांध करत उभ्या. ते बघून माझं डोकं फिरतं. मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, माझ्या कोर्टावर एक मिनिट फुकट जाणार नाही. रोज संध्याकाळी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर बसून मी दुसऱ्या दिवसाची आखणी लिहायची. एका दिवसात नवीन गोष्ट एकच, आणि तीही लवकर, डोकं ताजं असताना. रांगेत तीनपेक्षा जास्त जणी नकोत. फ्री थ्रो शेवटी, कारण सामन्यात ते दमल्यावरच मिळतात. आणि अगदी शेवटची पाच मिनिटं पाळीपाळीनं एकेका मुलीच्या आवडीची. ती म्हणेल तो खेळ, मी मध्ये तोंड घालणार नाही.

सकाळी तो कागद कुंपणाच्या जाळीला कपड्यांच्या चिमट्यानं लावायचा. मुली आल्या आल्या वाचायच्या. कुणी कुरकुर केली की मी म्हणायची, "कागज से बात कर, मुझसे नहीं." माझा त्या कागदावर फार जीव होता.

त्यावरची पहिली ओळ रोज तीच. शून्य ते तीन मिनिटं: बोटं. मुली गोल उभ्या राहायच्या, मी "बोटं!" म्हटलं की प्रत्येकीचा एक हात वर. पाच बोटं म्हणजे झोप झालीय, अंग छान आहे, पळवा किती पळवायचं ते. तीन म्हणजे ठीकठाक. एक म्हणजे आज मला सोडाच. मुली पंजाबी, बंगाली, हरियाणवी, पण हा एक मराठी शब्द सगळ्यांना यायचा. मी प्रत्येकीच्या नावापुढे आकडा लिहायची आणि त्याप्रमाणे त्या दिवशीची पळापळ कमी-जास्त करायची. कल्पना माझी होती आणि मला तिचं भारी कौतुक. पालकांसमोर तर मी ती मिरवायची.

आता खरं सांगते. ती पद्धत दोन महिन्यांतच बिघडली आणि बिघडवली मीच. दोन किंवा तीन बोटं दाखवणारीला मी बाकावर बसवायची. एक बसली की तिघींचा गट दोघींचा होतो, पाचजणींसमोर चारच उरतात, संध्याकाळी तासभर बसून केलेली आखणी सहा वाजून तीन मिनिटांनी पाण्यात. मग मी चिडायची. तोंडानं बोलायची नाही, पण भुवई वर जायची. माझी भुवई ऑफिसात प्रसिद्ध होती, अजूनही सोसायटीच्या मीटिंगमध्ये आहे. मुली काही वेड्या नव्हत्या. त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं आणि सगळ्याजणी पाच दाखवायला लागल्या. पंधरा मुली, पंधरा पंजे. आणि मी मूर्ख मनातल्या मनात म्हणायची, वा, काय फिट टीम केलीय आपण!

त्या पंधरांत एक मराठी होती. वडील मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात, मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती कुटुंब. तिच्या गळ्यात बारीक साखळी आणि तिला एवढासा क्रूस. खेळताना गळ्यात काही चालत नाही, म्हणून रोज ती साखळी काढून माझ्या हातात द्यायची आणि साडेसातला परत मागून घ्यायची. माझ्याशी बोलायची मराठीतच, पण इकडे वाढलेल्या मुलांचं मराठी.

"मॅडम, हा लेफ्ट हँड बिल्कुल नाही जमत, यार."

"यार कुणाला म्हणतेस गं?"

"सॉरी, मॅडम यार."

अशी होती. उंची बेताची, पण चेंडू हातात आला की कोर्ट तिचं. कोण कुठे पळतंय ते तिला न बघता कळायचं. संघात चेंडू पुढे घेऊन यायचं काम तिचं आणि ते दुसऱ्या कुणाला धड जमत नसे. मला मूल नाही. तिच्यात माझा जीव अडकला होता, पण तेव्हा मी हे कुणापाशी कबूल केलं नसतं.

सप्टेंबर होता. दिल्लीत त्या दिवसांत घरोघरी ताप असतो. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड, आणि हा गुरुवार. आदल्या संध्याकाळी मी आखणी केली ती सगळी तिच्याभोवती. पंचवीस ते चाळीस मिनिटं जो नवीन डाव शिकवायचा होता, तो उभाच होता तिनं चेंडू पुढे आणण्यावर. शेवटच्या पाच मिनिटांची पाळीही तिचीच होती. कागदावर मी तिचं नाव लिहून पुढे जागा मोकळी ठेवली होती.

सकाळी तिनं साखळी माझ्या हातात दिली, मी ती ट्रॅकसूटच्या खिशात टाकली. मुली गोल झाल्या. मी म्हटलं, "बोटं!" चौदा पंजे वर गेले, आणि तिची तीन बोटं.

मी तिच्या नावापुढे तीन लिहिला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाही. भुवई मात्र गेली वर. माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच होतं की हिला बसवलं तर पंचवीस ते चाळीसचं काय करू. तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा हसली, आणि आत धरलेला अंगठा आणि करंगळी उघडली. पाच. मी तीनवरच पाच गिरवला आणि शिट्टी वाजवली.

हे दुसऱ्या कुणीही पाहिलं नाही. बाकीच्या चौदाजणी हात वर धरून माझ्याकडेच बघत होत्या.

नवीन डाव तिनं छान केला. थोडी गप्प होती, पण मला ते एकाग्र वाटलं. पाणी झालं, शूटिंग झालं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला पळापळ. ह्या टोकाच्या रेषेला वाकून हात लावायचा, पळत त्या टोकाला जायचं, तिथं हात लावायचा, परत. बासष्टाव्या मिनिटाला ती मागच्या रेषेला हात लावायला वाकली ती उठलीच नाही. मला वाटलं, बुटाची लेस बांधतेय. मी ओरडले, "लेस नंतर!"

हे मी तिच्याशी बोललेलं शेवटचं.

पुढचं मला सलग आठवत नाही. कुणाच्या तरी गाडीची मागची सीट आठवते, माझ्या मांडीवर तिचं डोकं, आणि सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर मी खिडकीतून वाजवत असलेली शिट्टी. हॉस्पिटलात त्यांनी खूप प्रयत्न केले. मग एक तरुण डॉक्टर बाहेर आले. ताप येऊन गेल्यावर कधी कधी हृदयाला सूज राहते म्हणाले, बाहेरून कळत नाही, आणि अशा वेळी जोरात पळणं झालं तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ताप? मला कुणी तापाचं बोललं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिची आई भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिनं माझं मनगट धरलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ताई, आज तिनं बोटं किती दाखवली?"

"पाच," मी म्हणाले.

तिनं माझा हात सोडला आणि भिंतीला घासत खाली बसली. पुन्हा तिनं काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. दफनभूमीत तिचे वडील उलट मला म्हणाले, "तुम्ही तर रोज विचारायच्या, मॅडम. एवढं कोण करतं?" मी मान हलवली. हलवली मी मान! साखळी तिसऱ्या दिवशी ट्रॅकसूट धुवायला काढताना हाताला लागली. ती पाकिटात घालून त्यांच्या इमारतीच्या वॉचमनकडे दिली, वर जायची हिंमत झाली नाही. मग ते लोक बरेच महिने नगरला होते, असं ऐकलं.

मी दोन महिने कोर्टाकडे फिरकले नाही. मग मुलींच्या आया घरी आल्या, मुली शाळेतून येऊन नुसत्या मोबाइल घेऊन बसतात म्हणाल्या, आणि मी पुन्हा सुरू केलं. बोटं बंद केली. रेषांची पळापळ बंद केली. आखणी मात्र सुटली नाही, आणि तिच्यात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. टेबलावर लिहायला बसलं की मी पंधरा जणींची लिहायची. तिघी-तिघींचे पाच गट. सकाळी कोर्टावर एक गट दोघींचा निघायचा. मुली बदलल्या, कधी चौदा, कधी तेरा झाल्या, माझा हात पंधराच लिहायचा. आमचे हे एकदा खांद्यावरून वाचून म्हणाले, "अगं, चौदा आहेत ना तुझ्या?" मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले. त्यांना मी काही सांगितलेलं नव्हतं. ह्या माणसाबरोबर चौतीस वर्षं संसार केला, पण तो तीनचा आकडा त्यालाही सांगितला नाही.

कोर्टावर मला मागच्या रेषेकडे पाठ करून उभं राहवत नसे. तिथं कुणीतरी वाकून बसलंय असं वाटायचं. वळून बघावं तर रंग उडालेली रेषा आणि पलीकडे कडुनिंबाची पानं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी रोज दोन-चारदा वळायची. थंडीत धुकं आणि धूर एक होऊन समोरची बास्केटही दिसेनाशी होते, तेव्हा तर मी सरावच ठेवत नसे. मुलींना सांगायची हवा खराब आहे. ती तर होतीच.

आणि तो कागद. कपाटात साड्यांच्या खाली. तीनदा फाडायला काढला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला की पाचच्या पोटातला तीन स्पष्ट दिसायचा. पुन्हा साड्यांखाली जायचा.

ह्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर एका सकाळी पावणेसहाला मी जाळीला चिमटा लावत होते. मागून आवाज आला, "ताई." वळले तर तिची आई. तीन वर्षांत केस निम्मे पांढरे झालेले. शेजारी धाकटी मुलगी. तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, आता तेराची, अंगानं बारीक, बहिणीसारखीच बेताची.

"हिला खेळायचंय," आई म्हणाली. "दुसरीकडे लावते म्हटलं, ऐकतच नाही. तुमच्याकडेच यायचंय तिला."

नको म्हणावंसं वाटलं. जागा नाही म्हणावंसं वाटलं. पण जागा होती. मुली बरोबर चौदा होत्या. तेवढ्यात धाकटीनं गळ्यातली साखळी काढली आणि माझ्यापुढे धरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोच क्रूस. मी घेतली. घेणार नाही तर काय करणार?

मुली गोल उभ्या राहिल्या. मी बोलायला तोंड उघडणार, तर धाकटीचा हात वर. पंजा सताड उघडा. बाकीच्या तिच्याकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "सवाल है क्या?"

धाकटी गोंधळली. "बोटं," ती म्हणाली. "इथं आधी बोटं दाखवतात ना? दीदीनं शिकवलंय मला."

मी शिट्टी वाजवली. "चलो, दो चक्कर!" त्या दिवशी तिघी-तिघींचे पाच गट बरोबर झाले. तीन वर्षांत पहिल्यांदा कागद जसाच्या तसा पार पडला, आणि घरी येऊन मी अर्धा तास पंख्याखाली बसले तरी घाम जाईना.

आई रोज यायची आणि कुंपणाजवळच्या बाकावर बसायची. मोबाइल बघायची नाही, पेपर वाचायची नाही, नुसती बघायची. धाकटी बडबडी. पाणी पिता पिता सांगायची, दीदी घरी कशी मॅडम व्हायची, पॅसेजमध्ये खडूनं रेषा मारून हिला कशी पळवायची, भिंतीला चिमट्यानं कागद कसा लावायची. "भुवई पण करायची तुमच्यासारखी," म्हणाली आणि करून दाखवली. मुली खो खो हसल्या. मीही हसले. आणि पाण्याची वेळ संपायच्या आधीच शिट्टी वाजवली.

चौथ्या दिवशी आईनं विचारलंच. "ताई, बोटं का बंद केलीत?"

"अहो, मुली खरं दाखवत नाहीत," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी चेंडू गोळा करायला गेले.

मला काय वाटत होतं ते लपवून काय करू? सांगितलं तर ही धाकटीला घेऊन जाणार, आणि बरोबरच आहे तिचं. चार लोकांत बोलेल, कोर्ट जाईल, सराव जाईल. जाऊ दे. पण त्या घरात माझ्याबद्दल जे एक चांगलं बोललं जातं ते जाईल, ह्याची मला जास्त भीती वाटत होती. इतकी मी स्वार्थी. आणि नाही सांगितलं तर रोज सकाळी ती साखळी खिशात घेऊन नव्वद मिनिटं उभं राहायचं.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी नाक ओढत आली. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "पाच आहे, मॅडम. फुल पाच." मी कपाळाला हात लावला. गरम नव्हतं. साधी सर्दी. तरी बाकावर बसवली तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "दीदीला कधीच नाही बसवलं तुम्ही." आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. त्या दिवशी दुपारी मी साड्यांखालून कागद काढला आणि पिशवीत ठेवला.

शनिवारी सराव संपल्यावर मुली गेल्या. धाकटीची सर्दी बरीच कमी होती. तिला मी पलीकडच्या बास्केटखाली एका जागी उभं राहून फ्री थ्रो मारायला सांगितलं, आणि बाकावर तिच्या आईशेजारी बसले.

"वहिनी, तुम्हाला एक दाखवायचंय," म्हटलं आणि कागद तिच्या हातात दिला. "ही त्या दिवशीची आखणी."

ती ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. नावांपाशी आली. मुलीच्या नावावर बोट थांबलं. मी बोलायला सुरुवात केली ती एका श्वासात. "मी हॉस्पिटलात तुम्हाला पाच सांगितलं. पण तिनं आधी तीन दाखवली होती, वहिनी. हे बघा, मी तीन लिहिलासुद्धा होता. मग मी तिच्याकडे बघितलं, माझं ते बघणं तुम्हाला माहितेय, आणि तिनं पाच केली. मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी शिट्टी वाजवली, कारण माझा डाव तिच्याशिवाय अडत होता. बसवलं असतं तर..." नाक पुसलं आणि म्हटलं, "हिला घेऊन जायचं तर घेऊन जा. मी काही बोलणार नाही. पण हे न सांगता हिला शिकवणं माझ्याच्यानं होत नाही."

पलीकडे चेंडू बोर्डावर आपटत होता. मग ती म्हणाली, "तीन?"

"तीन."

"नक्की? आधी तीन?"

"अहो, बघा ना इथं."

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. मग तिच्या तोंडातून असा काही आवाज आला की मला वाटलं हसली. "म्हणजे सांगितलं तिनं तुम्हाला," ती म्हणाली. "अगं बाई, सांगितलं होतं तिनं."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं, कागदाकडे बघत बघत.

"ताप उतरून दोनच दिवस झाले होते, ताई. तुमचं ते बोटांचं आमच्या घरात सगळ्यांनाच लागलेलं. तिचे पप्पा कंपनीच्या बसला निघाले तरी आम्ही विचारायचो. त्या सकाळी निघताना तिनं मला दोन दाखवली. दोन. मी म्हटलं, अगं, रविवारी निवड आहे, आता बसलीस तर वर्ष जाईल. मॅडमना तापाचं काही बोलू नकोस. तिथं पाच दाखव. बरं म्हणाली आणि गेली. तुम्ही हॉस्पिटलात पाच म्हणालात ना, तेव्हाच मी समजले. आईचं ऐकलं पोरीनं. तीन वर्षं मी हेच धरून बसलेय. ह्यांना नाही सांगितलं, पाद्रीबाबांना नाही सांगितलं. माझं ऐकून गेली ती."

"नव्हतं ऐकलं," मी म्हणाले. "आधी नव्हतं ऐकलं."

"नाही. तुम्हाला तीन दाखवली." ती थांबली. "माझं मन मोडवेना, म्हणून एक वाढवलं असेल."

खरं सांगू? त्या क्षणी मला तिचा संताप आला. तीन वर्षं मी एकटी समजत होते स्वतःला, आणि हिनं पोरीला घरूनच तोंड बंद करायला लावून पाठवलं होतं. तिलाही माझा आला असणारच, माझ्याकडे न बघता ती इतकी ताठ बसली होती. आम्ही दोघी त्या बाकावर मध्ये हातभर अंतर ठेवून रडलो. कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

मग तिनं माझ्या शिट्टीच्या दोरीला अडकवलेलं पेन काढून घेतलं, कागद मांडीवर सपाट केला, आणि त्या गिरवलेल्या पाचच्या अलीकडे, मुलीच्या नावाला अगदी लागून, एक आकडा लिहिला. दोन. पेन परत दोरीला अडकवून दिलं.

"हे पण असू दे," ती म्हणाली.

धाकटी चेंडू आपटत आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहून जरा चपापली, पण गप्प बसणं तिला येत नाही. "मॅडम, सोमवारी खेळू ना? सर्दी गेली आता."

मी तिच्या आईकडे पाहिलं. आता ही उठेल आणि मुलीचा हात धरून चालू लागेल, असं मला वाटलं. ती उठली नाही. मुलीला म्हणाली, "बोटं दाखव."

"कुणाला? तुला की मॅडमना?"

"दोघींना. एकदम."

तिनं चेंडू काखेत धरला आणि मोकळा हात वर केला. चार. अंगठा आत दुमडलेला. ती आईकडे बघायची, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. मी भुवया दाबून धरल्या, अगदी कपाळ दुखेपर्यंत. तिच्या आईनं श्वास रोखलेला मला शेजारी कळत होता. अंगठा थोडासा हलला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. तो आतच राहिला.

"चार," मी म्हणाले.

"चार," तिची आई म्हणाली.